घरघरणारा कॉम्प्युटर गप्प कसा झाला?

मुलांनो,

आज रात्री जेवणं उरकली, टीव्ही बंद झाला आणि घरातले सगळे अंथरुणावर पडले, की एक गंमत करा. डोळे मिटून पाच मिनिटं नुसतं ऐका. बोलायचं नाही, हसायचं नाही! आधी वाटेल, छे, सगळं शांत तर आहे. मग हळूच एकेक आवाज पुढे येईल. छताच्या पंख्याची खरखर, फ्रिजची गुरगुर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. आणि घरात कॉम्प्युटर चालू असेल, तर त्याची घरघर.

हे आवाज दिवसाही असतातच बरं का! पण कानांना त्यांची सवय झालेली असते, म्हणून ते आपल्याला जाणवत नाहीत. आज मी तुम्हांला त्यातल्या एकाच आवाजाबद्दल सांगणार आहे. कॉम्प्युटर का घरघरतो, आणि आमच्या घरातला कॉम्प्युटर आम्ही गप्प कसा केला, त्याची ही हकिगत. तुम्ही म्हणाल, "बाई, एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलात?" पण त्या एवढ्याशा आवाजापायी आमच्या वाचनवर्गातल्या एका मुलीची निम्मी गोष्ट रोज बुडत होती. ऐका तर खरं.

चोवीस तास उभा असलेला वाढपी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, एका लहानशा गावात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. संध्याकाळी साडेसहाला वाडीतली दहा-बारा मुलं आमच्या बाहेरच्या खोलीत जमतात. कुणी वाचतं, कुणी गोष्ट सांगतं, कुणी नुसतंच ऐकतं. त्याच खोलीच्या कोपऱ्यात, टेबलावर आमचा कॉम्प्युटर. दुकानात सुटे भाग जोडून तयार करून घेतलेला. वयाने तुमच्यापैकी बऱ्याच जणांहून मोठा!

त्याच्याकडे दोन कामं होती. पहिलं, माझ्या शाळेच्या पाठांची तयारी. दुसरं काम मोठं गमतीचं. वाडीतल्या आज्यांकडून आम्ही जुन्या गोष्टी, ओव्या, उखाणे फोनवर रेकॉर्ड करून घेतले आहेत. त्यातल्या दोन आज्या आता नाहीत. त्यांचा आवाज मात्र आमच्याकडे आहे. शिवाय बालभारतीची पुस्तकं आहेत आणि मराठी विकिपीडियाची एक प्रतही आहे. 'किविक्स' नावाच्या मोफत प्रोग्रॅममुळे विकिपीडिया इंटरनेट नसतानाही वाचता येतो. हे सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं. आमच्या घरच्या वाय-फायला आईचा नाहीतर बाबांचा फोन जोडला, की शेजारपाजारचं कुठलंही मूल हवी ती गोष्ट मागून घेतं.

मागेल त्याला मागेल ते देणाऱ्या अशा कॉम्प्युटरला 'सर्व्हर' म्हणतात. सर्व्हर म्हणजे वाढणारा. आपल्या पंगतीतला वाढपीच म्हणा ना! कुणी हाक मारली, "भात!" की भात. "वरण!" की वरण. पण लग्नातल्या वाढप्याला पंगत उठल्यावर बसता तरी येतं. आमच्या वाढप्याला कोण कधी हाक मारील याचा नेम नाही. म्हणून तो रात्रंदिवस चालू, आणि त्याची घरघरही रात्रंदिवस चालू.

दहा शब्दांची परीक्षा

आमच्या वाचनवर्गात तिसरीतली एक मुलगी येते. तिचं नाव सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही. तिच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. वाचते अगदी खणखणीत. पण मी गोष्ट सांगू लागले, की एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. विनोद झाला की सगळी मुलं हसायची, आणि ही क्षणभराने हसायची. इतरांचे चेहरे बघून!

एकदा गोष्ट रंगात आली असताना वीज गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटर थांबला. कंदील लावून मी गोष्ट पुढे चालू ठेवली. आणि काय सांगू, त्या संध्याकाळी ती सगळ्यांबरोबर हसली. एकदा तर सगळ्यांच्या आधी!

आता यात करामत कुणाची? छताचा पंखा बंद झाल्याची, की कॉम्प्युटर बंद झाल्याची? तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेलच, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून दुसऱ्या दिवसापासून आम्ही दहा शब्दांची परीक्षा सुरू केली. छताचा पंखा दोन्ही वेळा तसाच फिरता ठेवायचा. मी तिच्यापासून दोन मीटरवर बसायचं आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे वही धरायची. मग नेहमीच्या आवाजात दहा शब्द म्हणायचे आणि तिने ते लिहायचे. पान, कान, साप, ताप, फळ, शाळा असे सोपे शब्द. एकदा कॉम्प्युटर चालू ठेवून, एकदा बंद करून. एकदाच मोजून खात्री होत नाही, म्हणून तीन संध्याकाळी वेगवेगळे शब्द घेतले.

कॉम्प्युटर चालू असताना तिचे बरोबर आले ५, ६ आणि ५. बंद असताना ९, ८ आणि ९.

असं का झालं असेल? आपण बोलतो तेव्हा आ, ई, ओ हे स्वर दणकट असतात. पण स, श, फ, त यांसारखी व्यंजनं फार नाजूक असतात. ती म्हणजे नुसती हवेची फुंकर! कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाजही फुंकरीसारखाच. त्यामुळे तो नेमका या नाजूक अक्षरांवर पांघरूण घालतो. 'साप' की 'ताप' ते कळत नाही. धड कानांच्या माणसाचा मेंदू अंदाजाने गाळलेली जागा भरतो. श्रवणयंत्र मात्र माझा आवाज मोठा करतं, तसा पंख्याचाही आवाज मोठा करतं. दोघांची गर्दी तिच्या कानात!

मग वर्गाच्या वेळी कॉम्प्युटर बंद का नाही ठेवला? पहिले काही दिवस तसंच केलं. पण आज्यांच्या गोष्टी त्यातच, आणि त्याच वेळी वाडीतल्या दुसऱ्या घरांतून कुणीतरी काहीतरी मागत असायचं. वाढप्याला हाकलून दिलं, तर पंगत कशी चालणार? तेव्हा ठरवलं, वाढपी राहू दे, त्याची घरघर घालवायची.

पंखा काढून टाकू का?

माझे धाकटे दीर गावात मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतात. त्यांना बोलावलं. त्यांनी कॉम्प्युटरची पेटी उघडली, कान लावला आणि हसत म्हणाले, "वहिनी, पंखेच काढून टाकू का? न रहेगा बांस!"

मी म्हटलं, "भाऊजी, थट्टा नको. पंखा बसवला कशाला, ते आधी मुलांना सांगा."

मग त्यांनी सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि सांगितलं, ते असं. मिक्सर विजेवर चटणी वाटतो, पंप विजेवर पाणी चढवतो. कॉम्प्युटरच्या आत गेलेल्या विजेचं काय होतं? त्याची आकडेमोड होते, चित्रं दिसतात, हे खरं. पण शेवटी जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ६५ वॅट वीज खाणारा कॉम्प्युटर म्हणजे खोलीत ठेवलेली ६५ वॅटची शेगडीच. ही उष्णता बाहेर काढली नाही, तर आतली चिप तापून बंद पडेल. म्हणून पंखे. उष्णता जास्त, तर पंखा जोरात. पंखा जोरात, तर घरघर जास्त.

एका मुलाने लगेच विचारलं, "म्हणजे काका, वीज कमी खाल्ली की आवाज पण कमी?"

शाब्बास! सगळं गुपित एवढंच आहे. घरघर हा रोग नाही, तो ताप आहे. आपण रोग शोधायचा. कॉम्प्युटर गप्प करायचा, तर आधी त्याची भूक कमी करायची.

नळ बंद, तरी झाड हिरवंगार!

हा प्रश्न काही आमच्या वाडीचाच नव्हे. कॉम्प्युटर जन्मला तेव्हापासून त्याची भूक आणि त्याची उष्णता माणसाच्या मागे लागली आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये 'एनिॲक' नावाचा कॉम्प्युटर लोकांना दाखवण्यात आला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खायचा. म्हणजे दीड लाख वॅट! तुमच्या घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब आठवा, आणि भागाकार करून पाहा.

पण मला सर्वांत आवडते ती इंग्लंडमधल्या केंब्रिज गावची हकिगत. तिथल्या एकॉर्न नावाच्या कंपनीने १९८१ मध्ये 'बीबीसी मायक्रो' नावाचा कॉम्प्युटर काढला. तो त्या देशातल्या शाळाशाळांतून पोचला. त्यानंतरच्या कॉम्प्युटरसाठी सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी एक नवी चिप आखायला घेतली. ती स्वस्त हवी, म्हणून प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची होती. प्लास्टिकमधून उष्णता भराभर बाहेर पडत नाही. त्यामुळे चिपने १ वॅटपेक्षाही कमी वीज खावी, असं त्यांनी ठरवलं. म्हणून त्यांनी ती शक्य तितकी साधी, सुटसुटीत केली.

२६ एप्रिल १९८५ या दिवशी पहिली चिप हातात आली. ती बसवली आणि काय, चालू लागली! आता ती किती वीज घेते ते पाहावं म्हणून मीटर लावलं, तर काटा शून्यावर. असं कसं होईल? शोधाशोध केली तेव्हा कळलं, की चिपला वीज पुरवणारी जोडणीच झालेली नव्हती! शेजारच्या भागांकडून येणाऱ्या संदेशांच्या तारांतून जी थोडीशी वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती खुशाल काम करत होती. मुख्य नळ बंद, आणि शेजारच्या पाइपातून पाझरणाऱ्या पाण्यावर झाड हिरवंगार, असाच प्रकार.

ती चिप म्हणजे 'आर्म' घराण्याची पहिली चिप. आज तुमच्या आईबाबांच्या खिशातल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये याच घराण्याची चिप असते. म्हणूनच फोनमध्ये पंखा लागत नाही. याच घराण्याच्या चिपवर चालणारा, पत्त्यांच्या जोडाएवढा एक कॉम्प्युटर केंब्रिजमधूनच २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. त्याचं नाव 'रास्पबेरी पाय'. मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकावं, हा त्याचा हेतू. आमच्या गोष्टीत तो पुढे येणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा हं!

आम्ही काय काय केलं?

पहिलं काम, मोजणं. प्लगमध्ये बसवायचं एक छोटं मीटर असतं. ते भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं, त्यात कॉम्प्युटरची पिन लावायची, की किती वॅट चालले ते दिसतं. आमचा कॉम्प्युटर नुसता बसून असताना ६५ वॅट खात होता. त्याच्या पॉवर सप्लायवर, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना चालेल अशी करून देणाऱ्या डब्यावर, '४५० वॅट' असं लिहिलेलं होतं. मुलं घाबरली. पण ते आकडे म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. पाणी तांब्याभर हवं, तर हंड्यातूनही तांब्याभरच घेतो ना, तसं.

दुसरं काम, धूळ काढणं. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा सुटला की घरभर मातीचा थर बसतो. चिपच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा असतो. चिपची उष्णता तो शोषून घेतो आणि हवेत सोडतो. त्या पट्ट्यांत धुळीची चक्क गादी झाली होती! हवा जायला वाट नाही, म्हणून पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता. कोरड्या ब्रशने ती काढली. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी एक पेस्ट असते. ती वाळून खडखडीत झाली होती, म्हणून भाऊजींनी नवी लावली. एवढ्यानेच घरघर बरीच उतरली.

तिसरं काम, पॉवर सप्लाय बदलणं. आमचा जुना डबा ६५ वॅट घ्यायचा आणि आत जेमतेम ४५ वॅट पोचवायचा. उरलेल्या २० वॅटची तो नुसती गरमी करायचा! तुम्हीच सांगा, बाजारातून आणलेल्या ६५ आंब्यांपैकी २० आंबे वाटेतच सडले तर चालेल का? काही पॉवर सप्लायवर '८० प्लस' असं चिन्ह असतं. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. त्याचा अर्थ असा, की ठरवून दिलेल्या कामाच्या वेळी तो डबा घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के तरी आत पोचवतो. तसा एक आम्ही बसवला.

चौथं काम, चिपचं व्होल्टेज जरा कमी करणं. इथे गणिताची मजा आहे. चिप तेवढ्याच वेगाने काम करत असेल, तर तिची विजेची भूक व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. १.२ व्होल्टचा वर्ग १.४४. १.१ व्होल्टचा वर्ग १.२१. म्हणजे व्होल्टेज जेमतेम ०.१ ने उतरवलं, तरी भर कामात असताना चिपची भूक सुमारे १६ टक्क्यांनी उतरते! फार उतरवलं तर मात्र कॉम्प्युटर मध्येच अडतो. म्हणून भाऊजी जरासं उतरवायचे, दिवसभर चालवून बघायचे, मग आणखी जरासं.

पाचवं काम, फिरणारी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवणं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते, आणि तिची थरथर पत्र्याच्या पेटीला लागते. तंबोऱ्याची तार केवढीशी, पण भोपळ्यामुळे तिचा आवाज घुमतो ना? तशीच ती पेटी घुमते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. थरथर नाही, आवाज नाही, वीजही कमी. पेटीच्या चार पायांखाली मात्र मुलांनी सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, पंख्याची उरलीसुरली थरथर टेबलात जाऊ नये म्हणून.

सहावं काम, पंखा बदलणं. ८ सेंटिमीटरचा पंखा काढून १२ सेंटिमीटरचा बसवला. मुलं म्हणाली, "बाई, मोठा पंखा म्हणजे मोठा आवाज!" उलट आहे. सासूबाई मोठ्या सुपाने धान्य पाखडतात, तेव्हा हात सावकाश चालतो. तेच ताटलीने करायचं, तर किती घाई करावी लागेल! १२ सेंटिमीटरच्या पंख्याचं वर्तुळ ८ सेंटिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट असतं. त्यामुळे तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. आणि पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज निम्म्याहूनही पुष्कळ कमी होतो.

एवढं सगळं झाल्यावर मीटर पाहिलं. ६५ च्या जागी ४४ वॅट. घरघर गेली आणि नुसती सळसळ उरली. छान! पण खरी गंमत पुढेच आहे.

वाढप्याला हत्ती कशाला?

सातवं काम करताना कुठलाही स्क्रू उघडावा लागला नाही. आम्ही फक्त एक प्रश्न विचारला. रात्रंदिवस चालू राहण्याचं काम नेमकं कोणतं? पाठांची तयारी तर दिवसातून दोन तास. रात्रंदिवसाचं काम म्हणजे एखाद्या फोनने मागितली की गोष्ट काढून देणं. त्याला असा किती जोर लागतो? फारच थोडा. हत्तीवरून कोथिंबीर आणायला जाण्यातला प्रकार!

म्हणून दोन कामं वेगळी केली. वाढप्याचं काम आम्ही 'रास्पबेरी पाय'च्या चौथ्या आवृत्तीकडे दिलं. त्याला ॲल्युमिनियमचं एक वेष्टन घातलं. ते आतून चिपला टेकतं आणि स्वतःच उष्णता बाहेर सोडतं. पंखा नाहीच! लिनक्स नावाची मोफत प्रणाली त्यावर घातली आणि साठवणीसाठी एक एसएसडी जोडली. सगळं मिळून मीटरवर दिसले ५ वॅट. फोनच्या चार्जरसारखाच एक छोटा चार्जर त्याला पुरतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा हे वेष्टन हाताला चांगलंच गरम लागतं. पण चिप ८० अंशांच्या पुढे जाऊ लागली, की आपोआप आपला वेग कमी करते. म्हणून आम्ही तो कपाटात न कोंबता भिंतीवर, मोकळ्या हवेत, उभा टांगला आहे. आज्यांच्या गोष्टींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क ट्रंकेत ठेवली आहे. यंत्र आज ना उद्या बिघडतंच. गेलेल्या आज्यांचा आवाज मात्र पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही.

मोठा कॉम्प्युटर आता गरजेपुरता, दोन तासच चालतो. उरलेला वेळ तो बंद. जगातला सर्वांत शांत आणि काटकसरी कॉम्प्युटर कोणता, सांगू? बंद केलेला!

मग पुन्हा दहा शब्दांची परीक्षा घेतली. तीच मुलगी, तेच दोन मीटर, तीच तोंडापुढे वही. फक्त शब्द नवे. तीन संध्याकाळी मिळून ३० पैकी २७ शब्द बरोबर आले. पहिल्या दिवशी वही खाली ठेवत तिने विचारलं, "बाई, आज पण बंद केलाय ना कॉम्प्युटर?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता. वाढपी कामावर होता. कुणाला त्याचा पत्ताच नव्हता!

आता हिशेब मांडा

पेन्सिल घ्या पाहू. १,००० वॅट एक तास चालले की १ युनिट होतं. पूर्वी आमचा कॉम्प्युटर ६५ वॅटने २४ तास चालायचा. म्हणजे दिवसाला १,५६० वॅट-तास. आता वाढपी ५ वॅटने २४ तास, म्हणजे १२०. मोठा कॉम्प्युटर ४४ वॅटने २ तास, म्हणजे ८८. दोन्ही मिळून २०८. वर्षाचे ३६५ दिवस धरले, तर पूर्वी सुमारे ५६९ युनिट आणि आता सुमारे ७६. वाचले ४९३! घरच्या बिलावर एका युनिटचा दर असतो. तो पाहून याचे रुपये तुम्हीच काढा.

आणि हे नुसते रुपये नाहीत. आपल्या राज्यातली पुष्कळशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. एका युनिटला निदान अर्धा किलो कोळसा जळतो असं धरा. ४९३ युनिटांना जवळजवळ अडीचशे किलो. ५० किलोची पाच पोती! एका घराच्या कोपऱ्यातून दर वर्षी पाच पोती कोळसा धूर होऊन जात होता, आणि त्या बदल्यात आम्हांला काय मिळत होतं? घरघर.

वीज जाते तेव्हा तर फरक लगेच कळतो. तीन तास वीज गेली, तर जुन्या कॉम्प्युटरने इन्व्हर्टरच्या बॅटरीतून १९५ वॅट-तास ओढले असते. वाढपी घेतो १५. त्यामुळे आता त्याला इन्व्हर्टरवर जोडता येतं, आणि अंधारातही मुलं गोष्ट ऐकतात.

थोडं आईबाबांसाठी

घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला, की आपण विचारतो, "वेग किती? साठवण किती?" त्याच्या जोडीला "रिकामा बसला की वॅट किती?" हेही विचारावं. घरातला कॉम्प्युटर बराचसा वेळ रिकामाच बसलेला असतो, आणि बिल त्या वेळेचंही येतं. अमेरिकेत 'एनर्जी स्टार' हे चिन्ह १९९२ मध्ये सुरू झालं, ते सर्वांत आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्यासाठीच. म्हणजे ही चिंता जुनी आहे. आणि चालतं यंत्र टाकून लगेच नवं घेऊ नका. नवं यंत्र बनवायलाही वीज, धातू आणि पाणी लागतंच. आधी धूळ काढा, झोपेची वेळ लावा, मग पुढचं बघा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी तीन नियम. पहिला, मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय आणि पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय कॉम्प्युटरची पेटी उघडायची नाही. दुसरा, पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक वीज साठून राहते. तिसरा, आवाज दाबण्यासाठी कॉम्प्युटरवर उशी किंवा चादर टाकायची नाही. त्याने आवाज जात नाही, आग लागू शकते. तापलेल्या माणसाला आपण घोंगडीत कोंबतो का?

आता गृहपाठ. तुमच्या घरात रात्रभर चालू राहणाऱ्या वस्तूंची यादी करा. प्रत्येकीवर किती वॅट लिहिलेत ते पाहा. मग प्रत्येकीपुढे लिहा, ती रात्री कुणासाठी जागी असते? फ्रिज दुधासाठी जागतो, ते बरोबर. पण ज्या वस्तूपुढे कुणाचंच नाव लिहिता येणार नाही, ती त्याच रात्री भिंतीच्या बटणावरून बंद करून टाका!